पंजा लढवणारा

रिठद गावच्या हॉटेलात तो चाकाची खुर्ची हातानं रेटत यायचा. चिंचेवरून पडून कणा मोडलेला, कंबरेखालचं अंग मेलेलं. काळ्या मातीतून चाकं ढकलून दंड मात्र पहिलवानासारखे. खुर्ची चिखलात रुतल्यावर ज्यांनी कधी हात लावला नाही, तेच त्याच्याशी पंजा लढवायला धावायचे. तो सगळ्यांना पाडायचा आणि मग टेबलावरच्या बशीला तोंड लावून चहा ओढायचा. लोकांना ती ऐट वाटायची.

"बशी काहून नाही उचलत?" मी एकदा विचारलं.

"खांदे जळून राह्यले. टेकवला तं जोर लागते, पन हात वर जात नाही," तो हळूच म्हणाला. "कोनाले सांगू नको. हातबी गेले म्हनलं, तं कोन बलावन मले?"

तेवढ्यात एकजण बाही सावरत समोर बसला. यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून टेबलावर ठेवला आणि हसून म्हणाला, "ये."