टोपीबाईंचा वर्ग

आमच्या कारागीर शाळेत यंत्रकामाच्या वर्गाला नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी तिला टोपी मिळायची. निळ्या जाड कापडाची, मागे नाडीची. बाई ती स्वतःच्या हाताने घालायच्या, केस आत कोंबायच्या, कानामागून बोट फिरवून एखादी बट बाहेर राहिली नाही ना ते बघायच्या आणि मगच यंत्राजवळ जाऊ द्यायच्या. मुलांच्या वर्गातले वात्रट म्हणायचे, "त्यांच्या नादी लागू नका, त्या सगळ्यांना टोपी घालतात." तेव्हापासून त्या टोपीबाई. त्यांना हे ठाऊक होतं. त्या हसायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत.

त्यांची गोष्ट मला नंतर कळली, थोडी त्यांच्या तोंडून आणि थोडी त्यांच्या घरी, त्यांच्या यजमानांकडून. त्यांना आम्ही काका म्हणायचो.

बाई तरुण असताना शाळेने पहिल्यांदा मुलींना यंत्रकाम शिकवायचं ठरवलं. तोवर मुलींना शिवण आणि टायपिंग, संपलं. पाच-सहा जणी आल्या. त्यांत बाई आणि त्यांची जिवाभावाची मैत्रीण चिमणी. आवाज बारीक म्हणून चिमणी, नाहीतर अंगापिंडाने बाईंपेक्षा चांगली हातभर उंच. दोघींत मिळून एक लेथ. लोखंडाचा दांडा त्यात घट्ट आवळायचा, तो गरगर फिरू लागला की पातं टेकवून हवा तेवढा कापायचा. चिमणीचा हात असा बसला की मास्तर मुलांना बोलावून तिचं काम दाखवू लागले. बाई म्हणतात, "मी शिकत होते. तिला येतच होतं."

एका सकाळी चिमणी काप कसा पडलाय ते बघायला वाकली आणि तिची वेणी खांद्यावरून पुढे घसरली. टोप्या द्याव्यात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलांना कुठे वेण्या असतात! चिमणी एवढंच म्हणाली, "अगं..."

बाईंनी क्षणात लाल बटण दाबलं. पण लेथ बटण दाबल्याबरोबर थांबत नाही. वेग हळूहळू उतरतो, आवाज जड होत होत तळाला जातो. तेवढा वेळ पुरला.

चिमणी वाचली. डोक्यावरची कातडी वाचली नाही.

आदल्या वर्षी त्याच ओळीतल्या यंत्रावर एका मुलाची दोन बोटं गेली होती. तेव्हा यंत्राला जाळी बसली. चिमणीच्या वेळी वर्गालाच कुलूप बसलं. मुलींना हे झेपत नाही, असं ठरलं आणि बाकीच्या जणींना शिवणाच्या खोलीत नेऊन बसवलं.

बाई तिथे गेल्या नाहीत. रोज सकाळी येऊन यंत्रशाळेच्या पायरीवर बसू लागल्या. शेवटी प्राचार्यांनी त्यांच्या वडिलांना बोलावणं धाडलं. वडील बसच्या आगारात राखणदार. मुळात त्यांचाच या शिक्षणाला विरोध होता. "लोखंड कापणाऱ्या पोरीला कोण करून घेणार?" असं ते उठता-बसता म्हणायचे. त्यामुळे आता ते आपल्याला ओढत घरी नेणार, असंच बाईंना वाटलं. प्राचार्यांनी सगळं सांगून झाल्यावर वडील म्हणाले, "साहेब, पोरीला भीती घालायचं काम मी घरी करतोच. तुमच्याकडे शिकायला धाडलीय. तेवढं तुम्ही करा."

बाईंना मुलांच्या वर्गात, कोपऱ्यातलं शेवटचं यंत्र मिळालं.

त्या शिकल्या, पण सुखाने नाही. यंत्र बंद केलं की उतरत्या आवाजाच्या तळाशी त्यांना ऐकू यायचं, "अगं..." बारीक आवाजात, अगदी खांद्याजवळून. आजूबाजूला सगळी मुलं, आणि मुलांना कोण अगं म्हणतं? पहिले काही महिने त्या कानांत कापूस घालून काम करायच्या. चिमणीच्या घरी त्या दोनदा गेल्या. दोन्ही वेळा आईने दारातूनच सांगितलं, "तिला कुणाला भेटायचं नाही." नंतर त्या गेल्या नाहीत.

पुढे पंपाच्या कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं. काका दवाखान्यात कंपाउंडर. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, मीठ कुठंय?" आणि बाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं. असं दोन-तीनदा झाल्यावर त्यांनी विचारलं, बाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून काका बायकोला अहो म्हणू लागले. शेजारीपाजारी फिदीफिदी हसायचे, "तुमच्यात नवरा कोण?" काका म्हणायचे, "ज्याला आधी हाक ऐकू येते तो."

बाईंचे केस पिकू लागले तेव्हा शाळेचे नवे प्राचार्य घरी आले. मुलींचा वर्ग पुन्हा काढायचा होता, शिकवायला बाईच हव्या होत्या. बाई म्हणाल्या, "एका माणसाला विचारून सांगते."

चिमणी भावाकडे राहत होती. भावजयीने मागच्या खोलीत नेलं. खोलीत पलंग, कपाट, खिडकीशी खुर्ची. आरसा नव्हता. डोक्याला रुमाल बांधून चिमणी शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली, ओळखलं, आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

बाईंनी वर्गाचं सांगितलं. "तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही."

"मला कशाला विचारतेस? बंद करताना कुणी विचारलं होतं?"

"तुला त्रास झाला म्हणूनच..."

"माझ्या त्रासाचं सगळ्यांनी फार केलं बाई. जखमा भरल्यावर मी गेले होते तिकडे, घरात कुणाला न सांगता. असाच रुमाल बांधून. फाटकावरच्याने आत सोडलं नाही. म्हणाला, तुझ्यापायीच तर बंद झालंय."

"कधी?" बाईंनी विचारलं.

"तू आत होतीस. खिडकीतून तुझी पाठ दिसत होती. हाका मारल्या मी. अगं, अगं म्हणून किती!" चिमणीने एक शेंग फोडली. "नसेल ऐकू गेलं. यंत्रं चालू होती."

ऐकू गेलं होतं की नाही, हे बाईंना आजही सांगता येत नाही. तेव्हा तो शब्द त्यांच्या कानांत रोजच वाजायचा. त्यातला एखादा खरा असला, तर तो कसा ओळखायचा?

निघताना चिमणी म्हणाली, "शिकव जा. फक्त माझं नाव सांगून पोरींना भेडसावू नकोस. मी काही भूत नाही."

बाईंनी ते पाळलं. टोपी कशासाठी, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "नियम आहे." चिमणी वर्ग बघायला कधी आली नाही. बाईंनी तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा भावजयीने सांगितलं, "त्या गेल्या. महिना झाला."

मी वर्गात आले ती त्यानंतरच्या वर्षी. एकदा पात्याची धार बघताना माझं बोट चांगलंच कापलं, टाके पडले. प्राचार्य म्हणाले, थोडे दिवस मुलींचा वर्ग बंद ठेवू. बाई त्यांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "गेल्या महिन्यात मुलांच्या वर्गात एकाचा पाय भाजला. तो वर्ग बंद ठेवलात? मग हिलाही पट्टी बांधू आणि पुढे जाऊ."

वर्ग चालू राहिला, पण माझ्या आईने मला घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी बाई आमच्याकडे आल्या. आईला त्यांनी सगळं सांगितलं, वेणी, हाका, फाटक. मी पलीकडच्या खोलीत भिंतीला टेकून ऐकत होते.

आई म्हणाली, "बाई, हे सांगून तुम्ही मला समजावताय की घाबरवताय?"

"तुम्ही घाबरा. मीही घाबरते, रोज. पण तिला येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर आली. आत यायला तयार होईना. बाहेर खिडकीशी उभी राहिली, गज धरून, जेवणाची सुट्टी होईपर्यंत. मी दांडा आवळला, यंत्र चालू केलं. पट्टीतलं बोट ठणकत होतं. कापलेल्या लोखंडाच्या निळसर गरम चकल्या ताटात पडू लागल्या. बाई माझ्या मागे उभ्या होत्या. यंत्र बंद केलं तेव्हा मी वळून बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

संध्याकाळी आईने विचारलं, "तुझा तो दांडा पुरा झाला का?"

"नाही. उद्या होईल."

"मग उद्या तू एकटी जा," आई म्हणाली. "मला नेऊ नकोस. मला ते बघवत नाही."