उठलेल्या चौकीचा शेरो

शेमदिन तसा मेंढपाळ, पण गावात त्याला सगळे 'चौकीचा कुत्रेवाला' म्हणत. गावावरच्या डोंगरात, इराणच्या सरहद्दीवर तुर्की लष्कराची चौकी होती. तिच्यासाठी कुत्री तोच वाढवायचा. रीत मेंढपाळांचीच. डोळे उघडलेलं पिल्लू मेंढ्यांत सोडलं, की ते जन्मभर त्या कळपाला धरून राहतं. शेमदिन पिल्लू चौकीच्या आवारात सोडायचा. शिपायांचे जुने कोट अंथरायचा, जवाच्या पिठाची पेज तिथेच पाजायचा. शिपाई बदलत, कुत्रा चौकीला चिकटून राही.

मग सरहद्दीवर काँक्रीटची भिंत आली, कॅमेरे आले आणि चौकी उठली. तरणी कुत्री ट्रकमधून गेली. म्हातारा शेरो राहिला.

"मामा, याला तूच ने," सार्जंट म्हणाला. "कागदावर तो आता नाहीच."

"कागदावर मी तरी कुठे होतो?"

घरी बायको, बेसना, वाट अडवून उभी राहिली. "नमाजाच्या घरात कुत्रा? मग तुम्हीही गोठ्यातच झोपा."

"झोपतो. दोघांना एक घोंगडी पुरेल."

शेरोने पेजेला तोंड लावलं नाही. सकाळी दोर कुरतडलेला, शेरो चौकीवर. पुन्हा आणून साखळीने बांधला, तर मान सोलून निघेपर्यंत ओढत राहिला. शेवटी बेसनानेच साखळी सोडली.

"जाऊ द्या त्याला. त्याचं घर तिकडे आहे."

"ते घर मीच त्याच्या डोक्यात भरलं," शेमदिन म्हणाला.

 बेसनाने कुत्र्याला लागलेले हात धर्माच्या रीतीप्रमाणे सात वेळा धुतले, त्यात एकदा मातीने.

मग शेमदिन रोज बादली घेऊन डोंगर चढू लागला. शेरो रिकाम्या फाटकाशी बसलेला असे. खाई, शेपटी हलवी, पण खाली उतरत नसे.

"अरे, कोणाची राखण करतोयस?" शेमदिन विचारायचा. "आत चिटपाखरू नाही."

बर्फ पडलं आणि वाट बुजली. शेमदिन दोनदा निघाला, दोनदा कमरेपर्यंत रुतून परत आला. संध्याकाळी वरून भुंकणं ऐकू येई. मग तो जेवायला बसे. पुढे पुढे बेसनाही ते ऐकल्याशिवाय ताट वाढेनाशी झाली.

एका संध्याकाळी अंधार पडला तरी दोघं तशीच बसून होती.

"ऐकलंस का काही?" त्याने विचारलं.

"वारा उलटा आहे आज," बेसना म्हणाली आणि ताट वाढायला उठली.

वारा डोंगरावरूनच येत होता. शेमदिनने मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडला.