स्वेत्लामावशींनी मागितलेला माणूस

आमच्या कामेना हूर्कात देवाचं नाव निघतं ते बोटावर हातोडी बसली की. माझे वडील काचकारखान्यात होते. दिवसभर ‘येशू-मारिया’ करायचे, पण चर्चमध्ये गेले ते एकदाच, तिथं सरकारी बटाट्यांचं गोदाम होतं तेव्हा, पोती उचलायला. अशा गावात स्वेत्ला हेयडुकोवा राहायला आल्या तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो.

त्या देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या, मोरावियाच्या डोंगरातल्या. तिथली माणसं अजून रविवारी ठेवणीतले कपडे घालून चर्चला जातात. शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायच्या. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या चर्चच्या छोट्याशा मंडळीनं विचारलं, उत्तरेला कुणी जाईल का, तिकडच्या पोरांना प्रभू ठाऊकच नाही. या म्हणाल्या, मी जाते. प्रवचन द्यायला जमायचं नाही, पण पोरांना खायला घालीन.

आणि तेच केलं. चर्चमधली बाकं गोदामवाल्यांनी कधीच जाळली होती. त्या मोकळ्या जागेत मावशींनी टेबल टेनिसचं टेबल मांडलं. कोपऱ्यात शेगडी. शुक्रवारी शाळा सुटली की बटाट्याची धिरडी, लसूण घातलेली, कडेला कुरकुरीत. आम्ही धिरड्यांसाठी जायचो, देवासाठी नाही. मावशींना ते ठाऊक होतं. खाण्याआधी त्या डोळे मिटून दोन ओळींची प्रार्थना करायच्या, शेवटी ‘आमेन’, की आम्ही तुटून पडायचो.

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी मी विचारलं, “मावशी, वरच्या काकांना नाही का द्यायची धिरडी?”

“कुठले वरचे?”

“तेच हो, तुमच्यामागून आमेन म्हणतात ते. जरा उशिरानं.”

बाकीची पोरं हसली नाहीत. सगळ्यांनी ऐकलं होतं. मागे वर, ऑर्गनसाठी बांधलेला लाकडी सज्जा होता, तिथून यायचं ते. पुरुषाचा आवाज, खालचा, थकलेला. मावशींचं म्हणून झालं की एखाद्या श्वासाइतकं थांबून. आम्हाला वाटलं, चर्चमध्ये असंच असतं. कुणीतरी नेमलेला असतो त्या कामाला.

मावशींना वाटलं आम्ही टिंगल करतोय. “लुबोश, जेव मुकाट्यानं,” एवढंच म्हणाल्या. पण पुढच्या शुक्रवारी त्यांनी प्रार्थना केली आणि डोळे न मिटता आमच्याकडे बघत राहिल्या. आमच्या माना एकदम वर वळल्या. त्यांना स्वतःला काहीच ऐकू आलं नव्हतं.

सज्ज्याचा जिना पडलेला. मावशींनी शेजारून शिडी आणली, स्कर्ट खोचला आणि चढल्या. वर बराच वेळ उभ्या होत्या. उतरल्या तेव्हा हाताला कबुतरांची घाण लागली होती. “धूळ आहे नुसती,” म्हणाल्या. “त्यावर पाऊल उमटलेलं नाही कुणाचं.” हात धुताना त्यांचा चेहरा कसातरीच झाला होता. मला तेव्हा वाटलं घाबरल्या. आता वाटतं, ते दुःख होतं. जन्मभर प्रार्थना करणारी बाई, तिला एक अक्षर नाही. आणि धिरडी खायला आलेल्या टोळक्याला मात्र जबाब मिळतोय.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. जी पोरं मेल्यावर माती होते एवढंच मानायची ती रांगेनं प्रार्थना करायला लागली. जबाब सगळ्यांना मिळायचा नाही. कुणी गणिताचा मास्तर आजारी पडू दे म्हणालं तर वर शांत. माझ्या मित्रानं आजीच्या पायासाठी मागितलं तेव्हा आमेन आलं. पाय मात्र होता तसाच राहिला. त्यामुळं काही अंदाज लागायचा नाही. शहरातून पाळक आले, पन्नासेक पोरं बघून त्यांना भरून आलं. मावशींनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाई, पोरं येतायत ना? परदेशातल्या देणगीदारांना एवढंच कळवू.”

आमच्यात झानेता म्हणून एक मुलगी होती. ती खेळायची नाही, शेगडीपाशी बसायची. तिचा सावत्र बाप विलेम ट्रक चालवायचा. तो घरी असला की ती उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्या घालायची. गावात सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे म्हणायचे, दुसऱ्याच्या घरात आपण काय बोलणार. फक्त मावशी जाऊन बोलल्या होत्या; विलेमनं त्यांच्या तोंडावर दार आपटलं.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी झानेता उठली. प्रार्थना कशी करतात ते तिला नीट येत नव्हतं. ती म्हणाली, “तो परत घरी येऊ नये. आमेन.”

वरून लगेच आमेन आलं. उशीर न करता. आणि पहिल्यांदाच त्या आवाजात थकवा नव्हता.

मावशींना आमच्या तोंडांवरून कळलं. त्यांनी झानेताला घट्ट धरलं आणि म्हणाल्या, “परत घे ते. बाळा, आत्ता परत घे.” पण तिनं घेतलं नाही.

मंगळवारी विलेमचा ट्रक पोलंडच्या हद्दीजवळ पेट्रोल पंपावर सापडला. इंजिन चालू, दार सताड उघडं, सीटवर जाकीट. बर्फ पडून गेलेला, आणि ट्रकपासून निघालेलं पाऊल एकही नाही. पोलिसांनी कुत्री आणली. कुत्री ट्रकमध्ये चढेनात.

पुढच्या शुक्रवारी चर्च तुडुंब भरलं. पोरांच्या डोळ्यांत भीती कमी, हाव जास्त. प्रत्येकाच्या मनात कुणी ना कुणी होतंच. मावशी टेबलावर चढून उभ्या राहिल्या. “आजपासून इथं कुणी तोंडानं मागायचं नाही. टेबल, धिरडी, सगळं शाळेच्या व्यायामशाळेत. इथं उत्तर देतंय ते कोण आहे मला माहीत नाही. आणि जे माहीत नाही त्याच्या हातात मी तुम्हाला देणार नाही.”

“पण देव असेल तर, मावशी?” कुणीतरी विचारलं.

“देव असेल तर तो व्यायामशाळेतही येईल.”

व्यायामशाळेत दहा-बाराच जण उरलो. पाळक नाराज झाले. मावशींनी चर्चला कुलूप लावलं, पण शुक्रवारी धिरडी उरकली की त्या आणि झानेता तिथं जायच्या. शेगडी पेटवायला म्हणून मी. झानेता रात्री झोपायची नाही, वाळून चालली होती. मावशी म्हणाल्या, जिथं गाठ मारली तिथंच सोडवायची. दोघी गुडघे टेकून एकच मागायच्या: विलेमला परत आण. पहिल्या वेळी झानेता ओकली. तरी मागायची.

हिवाळाभर वरून काही आलं नाही. मार्चमध्ये एकदा मी लाकडं सारत होतो आणि झानेतानं माझा दंड पकडला. आम्ही दोघांनी आमेन ऐकलं. तो आवाज सज्ज्यातून आला नाही. खालून आला, दाराजवळून.

“म्हणाले?” मावशींनी विचारलं. झानेतानं मान डोलावली. मावशींनी कुलूप लावलं आणि चावी नगरपालिकेत नेऊन दिली. पुन्हा त्या आत गेल्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात विलेम दुपारच्या बसमधून उतरला. अंगात गेला तेव्हाचाच शर्ट. पोलिसांना म्हणाला, काही आठवत नाही. आता तो पीत नव्हता. हात उगारत नव्हता. आपल्याच घरात शिरताना उंबऱ्याशी थांबून विचारायचा, येऊ का? सगळं गाव म्हणालं, मार लागला असेल डोक्याला, चांगलाच झाला म्हणायचा.

झानेता बॅग घेऊन मावशींकडे आली. “मावशी, तो नाही हा. तो डावखुरा होता, मला माहीत नाही तर कुणाला माहीत? हा उजव्या हातानं जेवतो.”

“आई काय म्हणते?”

“म्हणते, गप्प बस. आता बरा वागतोय ना.”

मावशींनी खसखशीचे कोलाच, आमच्याकडचे गोड पाव, भाजले, डबा भरला आणि त्याला भेटायला गेल्या. मी फाटकाशी उभा होतो. खिडकी उघडी होती. मावशींनी विचारलं, “कुठं होतात तुम्ही?”

“थंडी होती,” तो म्हणाला.

“आणि आलात कसे?”

“तुम्ही बोलावलंत ना.” मग म्हणाला, “दुसरं कुणी बोलावलं नाही.”

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. फाटकाची कडी त्यांना लावता येईना, मी लावली. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, “मीच मागितलं होतं, लुबोश. आता कोण आलंय ते मला ठाऊक नाही. पण मी बोलावलं म्हणून आलाय, तर त्याला एकटं टाकता यायचं नाही.”

झानेताला त्यांनी स्वतःकडेच ठेवून घेतलं, शिकवलं. आणि दर रविवारी डबा घेऊन विलेमकडे जात राहिल्या. त्याच्याशी हवापाण्याचं बोलायच्या, त्याच्यापुढं देवाचं नाव कधी काढायच्या नाहीत. व्यायामशाळेतला शुक्रवार त्यांनी एकवीस वर्षं चालवला. त्यातून बाप्तिस्मा घेतलेले किती म्हणाल, तर चार. मी त्यातला नाही, झानेता आहे. पाच वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, मावशी न्यूमोनियानं गेल्या. शेवटच्या दिवशी झानेताला एवढंच म्हणाल्या, “रविवारचं बघ.”

झानेताचं आणि माझं लग्न झालंय. तिची आई वारली, विलेम त्या घरात एकटा असतो. आज तो सत्तरीचा असायला हवा, पण केस काळे आहेत आणि पाठ ताठ. डॉक्टर कौतुक करतात. रविवारी झानेता सूप घेऊन जाते. मी गाडी कोपऱ्यावर उभी करतो, इंजिन चालू ठेवतो. तो दार उघडतो, बाजूला होतो, ती आत जाते. दार लागायच्या आधी तो एकदा माझ्याकडे बघून हात हलवतो. मीही हलवतो, आणि ती बाहेर येईपर्यंत त्या दारावरची नजर काढत नाही.