मी घाई केली होती

शकूमावशीच्या मुलाचा, निखिलचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये एका वयस्कर बाईंच्या कमरेला सेफ्टीचा पट्टा बांधत होते. "आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी "हो" म्हटलं, पट्टा नीट बसलाय का ते पाहिलं आणि मग खाली बसले... त्याला आता सहा आठवडे झाले. शकूमावशीबद्दल चांगलं लिहिणारे बरेच आहेत. मला जे लिहायचंय ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

शकूमावशी माझ्या आईची थोरली बहीण. मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात तीसेक वर्षं भूल देणारी डॉक्टर. पुण्याहून शिकायला आले तेव्हा पहिले आठ महिने मी तिच्याच घरी राहिले. पुढे म्हातारी माणसं चालतात कशी आणि पडतात कशी, हेच माझं काम झालं. आम्ही त्यांना सरकत्या पट्ट्यावर उभं करतो, पट्ट्याला अचानक हिसका देतो आणि तोल सावरणारं पाऊल किती वेळात पडतं ते मोजतो. मावशीही एकदा हौसेने आली. चालता चालता मी तिला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. "त्र्याण्णव, शहाऐंशी..." आणि ती थांबलीच. "अगं, वजाबाकी करू की पाय उचलू? एक काहीतरी सांग!" सगळे हसले. तरुणपणी पाय आपोआप पडतो. उतारवयात त्याला लक्ष द्यावं लागतं आणि ते दुसरीकडे वळलं की पाऊल उशिरा पडतं. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. मावशीला मात्र म्हटलं, "छान चाललीस."

त्यानंतर दोनेक महिन्यांनी तिला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं. अकराला माझी मीटिंग होती. ट्राम वळणावर दिसली. "चल ना गं मावशी, ही चुकली तर दहा मिनिटं जातील," म्हणत मी चार पावलं पुढे गेले आणि मागे वळून विचारलं, "अपॉइंटमेंटचं लेटर घेतलंस ना?" ती फुटपाथवरून उतरत होती. तिने पर्सकडे पाहिलं... आणि तिचं दुसरं पाऊल पडलंच नाही.

खुबा मोडला. अॅम्ब्युलन्समध्ये विचारलं तेव्हा तिनेच सांगून टाकलं, बूट सरकला म्हणून. वॉर्डात माझा हात धरून म्हणाली, "निखिललाही तेच सांगायचं, काय? आणि तुझी मीटिंग झाली का?" मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं आजही घशाखाली उतरत नाही. पाचव्या आठवड्यात न्यूमोनियाने ती गेली. अंत्यविधीच्या वेळी निखिलने माझी ओळख करून दिली, "हिने शेवटपर्यंत आईला सांभाळलं," आणि मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

गेल्या शनिवारी घर आवरायला आम्ही दोघंच होतो, तेव्हा त्याला सगळं सांगितलं. हातातलं खोकं त्याने जमिनीवर ठेवलं आणि इथेच वाढलेल्या मुलाच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "तू तेव्हाच का नाही सांगितला मला? मी बुटाच्या दुकानात कम्प्लेंट केला होता. त्या मुलीवर ओरडलो मी." तो गाडीत जाऊन बसला. अजून त्याचा फोन आलेला नाही आणि यावा असं म्हणायचा मला हक्कही नाही.

मी पॅसेजमध्ये उभी राहिले. क्रीम रंगाच्या भिंतीवर, कमरेच्या जरा वर, झोपण्याच्या खोलीपासून किचनपर्यंत एक मळकट पट्टा गेला होता. बोटांचा. कित्येक महिने ती भिंत धरून चालत असणार. दर रविवारी मी याच पॅसेजमधून चहाला जात होते. पट्ट्यावर हात ठेवून मी चालत गेले. बाथरूमच्या दारापाशी तो तुटतो आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. मधे धरायला काही नाही. तिच्या पावलांनी, दोन पावलं... तेवढी ती रोज एकटीने टाकत होती.