बैलांच्या भरवशाची मोटार

मोटारीचं कौतुक माझ्यापुढं कुणी करू नये. निजामाच्या राजवटीत आमच्या घरी मोटार होती म्हटलं की आजची पोरं डोळे मोठे करतात. होती बाबांनो, होती. ऐका तिची कथा.

बीडच्या कुण्या साहेबानं वापरून वापरून टाकून दिलेली ती गाडी माझ्या बापानं घेतली. त्यापायी घरची घोडी आणि टांगा विकून टाकला. गाडीचा टप फाटका, त्याला पोत्याचं ठिगळ. एका दिव्याला काच नाही. टायर फाटलं की आत चिंध्या कोंबायच्या. ब्रेक लागायचा नाही, म्हणून उतारावर मी खाली उडी मारून चाकाला दगड लावायचो. एकोणीस-वीस वर्षांचा होतो तेव्हा, आणि मला त्या दगड लावण्याचाही ताठा होता. हे आधीच सांगतो, सगळं बापाच्या माथी मारायला नको.

बाजाराला पाटोदा, कचेरीला बीड, सोयऱ्यांची लग्नं, बाप सगळीकडं त्याच गाडीतून जायचा. पण ती निघायची कशी? हँडल मारून मारून माझे खांदे भरून यायचे आणि ती नुसती खोकायची. मग गोठ्यातली बैलजोडी आणायची, पुढं दोर बांधायचा, बैलांनी वेशीपर्यंत ओढलं की मग बाईसाहेबांना जाग यायची. दोर सोडून बैल माघारी, आम्ही पुढं. गाव म्हणायचं, "लई भारी मोटार हाय, नुस्ती बैलं लागत्यात." बाप म्हणायचा, "जळत्यात साले."

मायला एकच भाऊ होता, पाच कोसांवर. दर नागपंचमीच्या तोंडावर तो मुराळी म्हणून बैलगाडी घेऊन तिला न्यायला यायचा. वर्षाची तिची तेवढीच सुटी. त्या साली मामा आला तो गाडीत कडबा पसरून, वर वाकळ अंथरून आला. मायचं बोचकं चार दिवसांपासून बांधून तयार होतं. बाप ओट्यावरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "बैलगाडी कशाला आता? घरी मोटार हाय. पंचमीदिवशी मीच आणून सोडतो. तू तेवढं रस्त्याचं बघ, तुमच्याकडं दगडं लई हायेत."

मामा भोळा माणूस. त्याला खरं वाटलं. "तुमी या तर दाजी. रस्ता तळहातावानी करून ठिवतो." मी पण दात काढत म्हणालो, "मामा, धुरळा खायाला तयार ऱ्हावा बरं." रिकामी गाडी घेऊन तो गेला. माय ती वळणाआड जाईपर्यंत दारात उभी होती.

पंचमीला मोटार निघाली नाही. बैलांनी वेशीपर्यंत ओढली, ओढ्यापर्यंत ओढली, पार घामाघूम झाले बिचारे. बापानं तिचं झाकण उघडून आत काय काय खालीवर केलं, देव जाणे. संध्याकाळी मायनं बोचकं सोडलं, लुगडी पेटीत ठेवली. बाप म्हणाला, "पुढल्या बाजारी जाऊ." तो बाजार गेला, त्याच्या पुढचाही गेला.

पोळा आला. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळून त्यांना जेवायचं आवतण दिलं होतं. एकदा हे आवतण दिलं की दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही, मग आभाळ कोसळो. सकाळी माय पुरण वाटत होती तेवढ्यात मामाच्या गावचा माणूस धापा टाकत आला. मामाला पटकीनं धरलं होतं. "पहाटंपसून हगवण-वकाऱ्या चालल्यात. अक्काला बलवा म्हणतोय."

मायनं हात पदराला पुसले आणि थेट मोटारीत जाऊन बसली. तिला वाटलं, वाहन आहे, निघेल.

मी हँडल मारलं. तळहाताची साल निघाली. मग शेजारपाजारचे दहा-बारा गडी लागले, पण खाली काळा चिखल, ढकलणाऱ्यांचेच पाय घसरायचे. बैलांशिवाय ती हलणार नव्हती आणि बैलांचं तर नावच काढायचं नव्हतं. मायनंही काढलं नाही. घोडी असती तर टांग्यात बसून केव्हाच गेली असती. घोडीला कुठला आलाय पोळा?

गर्दीत एक धनगर काठी टेकून उभा होता. आमच्याच शिवारात त्याची मेंढरं बसायची. तो पुढं आला. "मालक, माजा रेडा घ्या की. त्याला कशाचा पोळा? वढील येशीपोतर."

आणि तो खरंच ओढणार होता. रेडा समोरच उभा होता, काळाकभिन्न, नुसता हत्ती. तेवढ्यात मागून कुणीतरी खिदळलं, "मंग यमाचीच मोटार म्हणा की!"

झालं. बापाचं तोंड उतरलं. त्यानं चौफेर बघितलं. "माझ्या मोटारीला रेडा? तालुक्यात तोंड दावायला जागा ऱ्हाईल का? उद्या सकाळीच बैलं लावतो. तासात पोचवतो."

"अवं, उद्या?" माय म्हणाली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. दोर माझ्या पायाशी पडला होता. रेड्याला बांधायला मला कुणाचा बाप आडवा येणार होता? माझाच येणार होता, आणि मी त्याला भ्यालो. त्याला कशाला, गावाच्या हसण्याला भ्यालो. मी खाली बघितलं. माय उतरली आणि चालू लागली. मग मी धावलो तिच्या मागं. लई मोठा मर्द!

पाच कोस चिखल. तिच्या वहाणा पहिल्या कोसातच रुतून बसल्या, ती अनवाणीच निघाली. मी काहीबाही बोलत तिच्या मागं मागं चालत होतो. दिवस कलला तेव्हा आम्ही मामाच्या शिवारातला ओढा ओलांडला. तिथं ती थबकली.

तिथून पुढं रस्त्यात खडा नव्हता. दगड वेचून दोन्ही कडांना रचले होते. खड्ड्यांत मुरूम घालून चोपला होता. बाभळीच्या फांद्या तोडल्या होत्या, तेही उंचावरच्या, मोटारीच्या टपाला लागू नयेत म्हणून. अर्धा कोस, थेट गावापर्यंत. शेतीची कामं टाकून एकट्यानं केलं होतं हे त्यानं.

"रस्ता केलाय बघ त्यानं," माय म्हणाली, आणि पळत सुटली.

आम्ही पोचायच्या आत त्याला मसणात नेलं होतं. मामी भिंतीला टेकून बसली होती. मायच्या गळ्यात पडून म्हणाली, "दिसभर एकच धोशा. भोंगा वाजला का बघ, भोंगा वाजला का बघ. म्या दारात जाऊन यायची अन् म्हनायची, येईल आत्ता."

तिसऱ्या दिवशी बाप आला. ओढ्यापर्यंत मोटारीला जरा दम लागला असेल, पण पुढं त्या रस्त्यावरून ती कशी लोण्यासारखी आली. लांबूनच भोंगा वाजवत आली.

मामी दोन दिवस जागची हलली नव्हती. भोंगा ऐकून ती उठली, दारापर्यंत गेली, बाहेर बघितलं आणि घरात तोंड करून म्हणाली, "अवं, आली बघा मोटार."

घरात मी आणि माय, दोघंच होतो.