खरपुडीचा कांदा

कच्चा बटाटा सोलताना मातकट वास आला की मुळशीतला तो हिरवा उतार आठवतो. वनस्पतीशास्त्राच्या सरांबरोबर गेलो होतो. कंदिलासारख्या फुलांची, खरपुडी नावाची दोन रोपं शेजारीशेजारी, अगदी सारख्या. "पाकळीच्या कडेला केस असतील ती दुर्मीळ," म्हणत सर भिंग आणायला उताराखाली ठेवलेल्या झोळीकडे गेले, मीही मागोमाग. परत येऊन पाहतो तर गुरं राखणाऱ्या मावशींनी दोन्ही उपटून मुळाशी असलेले बटाट्यासारखे कांदे खाल्लेले, फुलं बैलाच्या तोंडात! मी हादरलोच. ओरडलो, "मावशी, जातच संपवाल!" त्या म्हणाल्या, "आन् तुमी काय पुजनार हुता व्हय? डब्यात घालून न्हेनारच हुता की!" सरांनी नमुने न्यायच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण गुपचूप लावलं. त्या दोन खरपुड्यांतली दुर्मीळ कोणती, होती तरी का, आता कधीच कळणार नाही. माझा संताप मात्र अजून मावशींवर आणि सरांवर, दोघांवरही तसाच आहे.