शाळेच्या बांधीतलं धान

नूतनच्या नखांत चिखल दिसला आणि कांताबाईच्या डोक्यात किडा वळवळला. जन्मभर लोकांच्या बांधीत वाकून धान रोवणारी बाई ती. रोवण्याचा चिखल तिला कोणी दाखवून द्यावा लागत नव्हता. पोरगी तर नववीत, गावच्याच सरकारी हायस्कुलात.

"शेतीचा नवा विषय लागला, आई. प्रॅक्टिकल असते."

"कोन्या गुरुजीच्या बांधीत?"

"शाळेच्या."

"हो! मलेबी असंच सांगतलं होतं."

हे हायस्कूल बांधलं तेव्हा कांताच्या बापानं फुकट विटा वाहिल्या होत्या. पोरीचे पाय चिखलातून निघतील, एवढीच त्याची आस. ती आठवीत गेली आणि तेव्हाच्या एका गुरुजीनं श्रमदान म्हणून पोरींना बांधीत उतरवलं. धान पिकलं, बंडी भरली, ती वळली गुरुजीच्या दारी. बाप शाळेत जाऊन भांडला आणि पोरीला हाताला धरून घरी घेऊन आला. गुरुजी नोकरीत राहिला. शाळा सुटली ती कांताची.

"नूतनची शाळा बंद," तिनं नवऱ्याला सांगून टाकलं.

"आधी पाह्यून तर ये," हरिदास म्हणाला. "त्या गुरुजीचा राग पोरीवर काऊन काढून राह्यली?"

दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून ती शाळेमागच्या बांधीवर गेली. पोरं-पोरी दोरी ताणून एकेक रोप लावत होती.

"असं कुठी रोवतात? बांधीचं वाटोळं करून राह्यले!"

"जयभीम, कांताबाई," मुख्याध्यापिका गेडाम मॅडम बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून म्हणाल्या. "कमी बियाण्यात किती पिकते, ते पाहून राह्यली पोरं."

"जयभीम. अन् पिकल्यावर जाते कोनाच्या घरी?"

"शाळेच्या खिचडीत."

"तो गुरुजीबी असाच गोड बोले, मॅडम."

मॅडम हसायच्या थांबल्या. "मग कापणीले तुमीच या."

"येतोच ना." मग चिखलातल्या नूतनकडं वळून, "धान निघेपर्यंत शिक. बंडी भलतीकडं वळली, का तुह्यी शाळा खतम."

मधल्या दिवसांत कामावर जाता-येता तिची वाट शाळेमागूनच जाऊ लागली. कापणी-मळणी झाली. धानानं भरलेल्या चुंगड्या बंडीवर चढल्या आणि बंडी फाटकाबाहेर निघाली, तशी कांताबाई धावत जाऊन चुंगड्यांवर बसली.

"बाई, मिलवर चाललो, भरडाले!" बंडीवाला ओरडला.

"चाल ना. मी काही जड नाई."

भरडाई होईस्तोवर ती मिलच्या दारातून हलली नाही. त्याच बंडीवर बसून तांदळासोबत परत आली आणि शेवटची चुंगडी शाळेच्या कोठीत पडेपर्यंत उभी राहिली. नूतन व्हरांड्यातल्या खांबाला धरून आईचं तोंड पाहत होती.

"काय पाह्यतं? घंटी झाली ना? जाय वर्गात!"

पोरगी पळाली. मॅडमनी कोठीला कुलूप घातलं आणि चावी कांताबाईच्या हातावर ठेवली. "तुमच्याच जवळ असू द्या. रोज सकाळी तांदूळ काढून द्या."

कांताबाईनं चावी कमरेला खोचली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

"अन् मॅडम, याची दुसरी चावी कोनाजवळ हाय?"